हळदीत लिंबू पिळल्यावर नक्की काय ‘पाच पट’ होतं?

आमच्या घरच्या ग्रुपवर तोच फॉरवर्ड महिन्याभरात चौथ्यांदा आलाय, आधी आत्याने टाकला, मग काकांनी, मग सोसायटीच्या ग्रुपवरून फिरून परत आत्याकडे, आणि परवा तर कँटीनमध्ये एकाने जेवता जेवता मोठ्याने वाचून दाखवला, त्यामुळे आता लिहितेच. मजकूर थोडक्यात असा: सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यात अर्धा चमचा हळद घ्या, त्यात अर्धं लिंबू पिळा, लिंबातलं ऍसिड हळदीतल्या करक्युमिनला ‘ऍक्टिव्हेट’ करतं आणि फ्री रॅडिकल मारायची ताकद पाच पट होते, ग्रीन टीचंही तसंच, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. पुरावा हवा तर बेटाडीनच्या पाण्यात हे मिश्रण ओता, रंग डोळ्यांदेखत उडतो. आणि लिंबू आंबट असलं तरी पोटात जाऊन अल्कलाईन होतं. खाली हात जोडलेले आणि ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा’.

मी खाद्यतेलाच्या लॅबमध्ये क्यूसीला, म्हणजे दर्जा तपासायला आहे. तेल किती खवट झालंय ते मोजायचं हे माझं रोजचं काम, आणि तेल खवट होतं तेही फ्री रॅडिकलमुळेच, ते थांबवायला जे घालतात तेही फिनॉलच. म्हणजे या फॉरवर्डमधली सगळी पात्रं माझ्या रोजच्या ओळखीची आहेत, फक्त त्यांना इथे भलतीच कामं लावलीयत.

पहिला मुद्दा, तोच मुख्य: ‘ऍसिडने अँटीऑक्सिडंट ऍक्टिव्हेट होतं.’

नाही. पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये नेमकं उलटं होतं, ऍसिड घातलं की फिनॉल मंदावतात. का ते नीट सांगते कारण इथे खरी गंमत आहे.

फिनॉल म्हणजे बेंझिनच्या कड्याला चिकटलेला ओएच. हळदीतलं करक्युमिन, चहातले कॅटेचिन, व्हिटॅमिन ई, सगळ्यांकडे हा ओएच आहे. फ्री रॅडिकल म्हणजे ज्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा आहे असा रेणू, तो दिसेल त्याच्याकडून इलेक्ट्रॉन ओढायला बघतो. फिनॉल त्याला ओएचमधला हायड्रोजन देऊन गप्प करतो. आता हायड्रोजन म्हणजे तरी काय, एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. नारळ समजा. इलेक्ट्रॉन म्हणजे आतला नारळ आणि प्रोटॉन म्हणजे वरचं सोडण. रॅडिकलला हवा असतो आतला नारळ. तो द्यायचे दोन रस्ते आहेत, एक तर सोडणासकट अख्खा उचलून द्यायचा, नाहीतर आधी सोलून ठेवायचा आणि मग नुसता आतला नारळ फेकायचा. दुसरा रस्ता कितीतरी वेगवान, कारण प्रोटॉन गेल्यावर फिनॉलवर निगेटिव्ह चार्ज येतो, तो इलेक्ट्रॉन सोडायला टपलेलाच असतो. याला फिनॉक्साईड म्हणतात. आणि असे सोललेले नारळ ढिगात अगदी थोडे असले तरी बहुतेक काम तेच उरकतात.

आता यात लिंबू पिळा. ऍसिड म्हणजे काय तर प्रोटॉनचा सुकाळ. म्हणजे तुम्ही नारळ सोलला रे सोलला की त्याच्यावर परत सोडण चढतंय. साध्या फिनॉलचा हिशोब बघा, त्याचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू सोललेले असतात तो) १० च्या आसपास, म्हणजे पीएच ७ ला हजारात जेमतेम एक रेणू सोललेला असतो. लिंबाने पाणी पीएच ४ वर आणलं की दहा लाखांत एक. करक्युमिनचा पहिला प्रोटॉन जरा लवकर सुटतो म्हणून त्याचे आकडे वेगळे, पण पीएच तीनने उतरला की सोललेल्यांचं प्रमाण हजार पटींनी घसरतं हे गणित तेच. याचा अर्थ एकूण वेग हजार पट कमी होतो असा मात्र नाही बरं का, सोडणासकट द्यायचा पहिला रस्ता चालूच राहतो, पण जो वेगवान होता तो बंद झाला. याला ऍक्टिव्हेट म्हणायचं असेल तर माझं काही म्हणणं नाही.

हे मी मनाचं सांगत नाहीये. पोलंडचे ग्जेगोश लित्विनियेन्को आणि कॅनडाचे कीथ इनगोल्ड यांनी २००३ आणि २००४ मध्ये यावर पेपर लिहिले, आणि २००४ चा तर खास करक्युमिनवरच आहे. त्याआधी भांडण असं होतं की करक्युमिन हायड्रोजन देतं ते नक्की कुठून, कडांच्या फिनॉलमधून की मधल्या कार्बनवरून, आणि दोन्ही बाजूंकडे आपापले आकडे होते. यांनी काय दाखवलं, तर मेथॅनॉलमध्ये (हे एक अल्कोहोलच) करक्युमिन भराभर रिऍक्ट होतं कारण त्याचा प्रोटॉन आधीच सुटलेला असतो, आणि त्यात थोडं ऍसेटिक ऍसिड टाकलं की तो वेग दणकन खाली येतो, मग फक्त फिनॉलचा साधा रस्ता उरतो. ऍसेटिक ऍसिड म्हणजे व्हिनेगरमधलंच. लिंबात सायट्रिक आहे, ते याहून जोरदार.

मी स्वतः एमएस्सीला असताना यात आपटलेय. डीपीपीएच नावाचं एक गडद जांभळं रॅडिकल मिळतं, १९२२ पासून माहीत असलेलं, बाटलीत आरामात टिकतं, अँटीऑक्सिडंट घातलं की जांभळं जाऊन फिकट पिवळं होतं, आणि ५१७ नॅनोमीटरला रंग किती उतरला ते मोजायचं. सगळ्या कॉलेजांत हीच टेस्ट. आम्ही दोघी पार्टनर, करक्युमिनचं द्रावण दोघींनी वेगवेगळं केलं, माझ्या क्युवेटमधला, म्हणजे मोजायच्या छोट्या नळीतला रंग बघता बघता उतरला आणि तिचा मख्ख जांभळा. सर म्हणाले वजन चुकलं असेल, परत करा. परत केलं, परत तेच. दोन दिवस आम्ही तराजूला शिव्या घालत होतो आणि मग ती सहज बोलून गेली की अगं मी सॅम्पल टिकावं म्हणून मेथॅनॉलमध्ये चार थेंब ऍसेटिक टाकले होते. तेवढंच. चार थेंब! पुढे तो पेपर हातात पडला तेव्हा आधी तराजूची माफी मागितली.

आणि तिचं लॉजिक चुकीचं नव्हतंच, ते पुढे येतंय.

दुसरा मुद्दा, बेटाडीन. हा व्हिडिओ सगळ्यात जास्त फिरतोय कारण दिसायला भारी. पण बेटाडीनमध्ये असतं आयोडीन, आणि ते फ्री रॅडिकलच नाही. त्याच्या रेणूत सगळे इलेक्ट्रॉन व्यवस्थित जोडीने आहेत. रंग जातो म्हणजे आयोडीनचं आयोडाईड होतं, आणि ते करतं लिंबातलं व्हिटॅमिन सी. हळदीचा यात संबंध असलाच तरी दिसणार कसा, पिवळ्याधमक पाण्यात तपकिरी काय ओळखू येतंय.

रविवारी घरी करूनच बघितलं. काचेचे तीन ग्लास, प्रत्येकात अर्धा ग्लास पाणी आणि बेटाडीनचे चार-चार थेंब, कोऱ्या चहासारखा रंग. पहिल्यात चमचाभर लिंबाचा रस, ढवळलं, गेला रंग. दुसऱ्यात चमचाभर पांढरं व्हिनेगर, ढवळलं, अजून ढवळलं, ढिम्म, तसाच. तिसऱ्यात केमिस्टकडची व्हिटॅमिन सीची चघळायची गोळी कुटून टाकली, तपकिरी गेला आणि गोळीचा स्वतःचा नारिंगी रंग तेवढा मागे राहिला. म्हणजे ऍसिड आहे पण व्हिटॅमिन सी नाही तर काही होत नाही, आणि हळद अजिबात नसली तरी सगळं होतं. तुमच्याकडे बेटाडीन असेल तर पाच मिनिटांचं काम आहे, फक्त ग्लास रोजच्या वापरातला घेऊ नका, आणि आईला आधी सांगा, मला ऐकून घ्यावं लागलं.

हाच घोळ लॅबमध्येही होतो म्हणा. लिंबू-हळदीचं मिश्रण डीपीपीएचमध्ये घातलं आणि रंग जास्त उतरला तर लोक लिहून मोकळे होतात की ‘लिंबामुळे हळदीची ताकद वाढली’, अरे पण व्हिटॅमिन सी स्वतःच डीपीपीएच खातं की. नुसत्या लिंबाचं रीडिंग कुठेय? एकूण फिनॉल मोजायची जी निळ्या रंगाची टेस्ट असते, फोलिन-सिओकाल्तो, तिच्यातही व्हिटॅमिन सी फिनॉल म्हणून मोजलं जातं. आणि मजा बघा, ती टेस्ट मुद्दाम सोडियम कार्बोनेट घालून अल्कलाईन करून घेतात, कारण फिनॉल इलेक्ट्रॉन पटापट देतात ते तिकडेच.

चहात लिंबू पिळलं की रंग फिकट होतो तोही लोक ‘विष गेलं’ म्हणून दाखवतात. तो फक्त काळ्या चहातल्या रंगद्रव्यांवर प्रोटॉन परत बसल्याचा रंग आहे. हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो आणि धुवून साबण गेला की परत पिवळा, त्याच जातीचं.

तिसरा, ‘अमेरिकेत सिद्ध झालंय’. यात मात्र तथ्य आहे, म्हणून जरा थांबते. इंडियानातल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीत मारिओ फेरुझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ग्रीन टीवर काम केलं. काचेच्या भांड्यात पोट आणि आतड्यासारखी परिस्थिती तयार केली, त्यातून चहा पास केला आणि शेवटी कॅटेचिन किती उरले ते मोजलं. नुसत्या चहातले २० टक्क्यांपेक्षा कमी उरले, लिंबाचा रस घातला तर ८० टक्क्यांच्या आसपास. फॉरवर्डमधलं ‘पाच पट’ बहुधा इथूनच शिरलंय.

पण मोजलं काय? किती उरले ते. किती जोरात रॅडिकल मारतात ते नाही, आणि कोणी माणसाने पिऊन त्याच्या रक्तात काय झालं तेही नाही. आणि हळद तर त्या प्रयोगात नव्हतीच.

उरले का, तर इथे माझ्या पार्टनरचे चार थेंब आठवा. हवेतला ऑक्सिजन ज्या फिनॉलला सहज खराब करतो तो कुठला? तोच, सोललेला. इलेक्ट्रॉन द्यायला टपलेला माणूस कोणालाही देतो, रॅडिकलला देतो तसा ऑक्सिजनलाही देऊन बसतो आणि वाया जातो. ऍसिडमध्ये सगळे सोडणासकट असतात म्हणून मंद, आणि मंद म्हणूनच टिकाऊ. शिवाय लिंबातलं व्हिटॅमिन सी आधी स्वतः खर्ची पडतं ते वेगळं. बाटलीतल्या आइस टीवर सायट्रिक ऍसिड लिहिलेलं असतं ना, ते चवीला असतंच पण त्याने कॅटेचिनही टिकतात. म्हणजे ‘ऍसिडने अँटीऑक्सिडंट वाचतात’ हे वाक्य बरोबर आहे आणि ‘ऍसिडने अँटीऑक्सिडंट तेज होतात’ हे चूक आहे आणि दोन्हींचं कारण एकच आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पहिलं वाचून दुसरं लिहिलं.

चौथा मुद्दा, लिंबू पोटात अल्कलाईन होतं. पोटात आधीच हायड्रोक्लोरिक ऍसिड आहे, पीएच दीड ते साडेतीन, तिथे लिंबाने काय उजेड पडणार आणि ते अल्कलाईन कसलं होणार. पुढे आतड्याच्या सुरुवातीला स्वादुपिंडाचा बायकार्बोनेट येऊन सगळं ऍसिड मारतो, म्हणजे तुम्ही पाण्यात लिंबू पिळून जे वातावरण केलं होतं ते तिथे संपलं. सायट्रेट शरीरात जळून बायकार्बोनेट होतो हे खरं, त्याने लघवी थोडी कमी आंबट होऊ शकते, म्हणून काही किडनी स्टोनना डॉक्टर पोटॅशियम सायट्रेट देतात. रक्ताचा पीएच मात्र ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो, लिंबू प्या नाहीतर नका पिऊ. पण मला हसू याचं येतं की एकाच मेसेजमध्ये लिंबू ऍसिड आहे म्हणून चांगलं आणि अल्कलाईन होतं म्हणूनही चांगलं. एक काहीतरी ठरवा!

खरं तर ऍसिडची भीती वाटायला हवी ती दातांची, कारण साडेपाचच्या खाली पीएच गेला की दातावरचं इनॅमल विरघळायला लागतं आणि ही मंडळी रोज सकाळी घोट घोट करत पितायत.

फॉरवर्डच्या एका व्हर्जनमध्ये ओआरएसीचे, म्हणजे टेस्टट्यूबमध्ये मोजलेल्या अँटीऑक्सिडंट ताकदीचे आकडे पण आहेत, हळद इतके हजार वगैरे. अमेरिकेच्या कृषी खात्याने स्वतःची ओआरएसीची यादी २०१२ मध्येच वेबसाइटवरून काढून टाकली, कारण टेस्टट्यूबमधल्या त्या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दिसत नव्हता आणि कंपन्या ते जाहिरातीला वापरत होत्या. पुढे.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्या तुकड्यांत टाकलं तर आमचा इंजिनीअर दादा जागा झाला आणि त्याने थेट एक पेपरच टाकला, ‘हे बघ, ऍसिडने वेग वाढतो असं लिहिलंय’. आणि तो पेपर खरा आहे, चांगला आहे. इटलीच्या बोलोन्याचे लुका वाल्जिमिली, कॅनडाचे डेरेक प्रॅट वगैरे मंडळींचा, २००९ चा. त्यांनी दाखवलं की पेरॉक्सिल रॅडिकल (चरबी खवट होताना ऑक्सिजन चिकटून तयार होतो तो) आणि फिनॉल यांच्यातली रिऍक्शन ऍसिडने जलद होऊ शकते. त्यांना स्वतःलाही ते अनपेक्षित होतं, मथळ्यातच तसं म्हटलंय. पण कसं होतं ते वाचा ना. तिथे ऍसिड फिनॉलला काही करत नाही, ते रॅडिकललाच प्रोटॉन चिकटवतं, त्यामुळे रॅडिकल अजून हावरट होतो आणि इलेक्ट्रॉन खेचून घेतो. हे ज्यांच्याकडे इलेक्ट्रॉनची श्रीमंती आहे अशा फिनॉलना लागू, आणि द्रव होता ऍसिटोनायट्राईल, लॅबमधलं एक सॉल्व्हंट. पाणी नव्हे. पाण्यात लिंबाने दिलेले प्रोटॉन आधी पाणीच पकडून बसतं, पेरॉक्सिल बिचारा त्या बाबतीत पाण्यापुढे कुठेच लागत नाही. दादा, तू स्वयंपाकघरात ऍसिटोनायट्राईल ठेवत असशील तर वहिनीशी मला बोलायला हवं.

आणखी एक गोष्ट कोणीच विचारत नाही. शरीरात पेरॉक्सिल रॅडिकलचा खरा धुमाकूळ असतो पेशीच्या पडद्यातल्या चरबीत. चरबीत प्रोटॉन सुटून बाहेर येत नाही, तिथे फिनॉल सोडणासकटच नारळ देतो, व्हिटॅमिन ई तेच करतं आणि तरीही फार वेगाने करतं. म्हणजे लिंबाने ज्या रस्त्यावर परिणाम होतो तो रस्ताच तिथे नाही. ना वाढलं ना घटलं.

हां, तेलात सायट्रिक ऍसिड आणि फिनॉल एकत्र घालतात ते खरंय, आमच्याकडेच घालतात. तळणाच्या तेलाच्या किंवा फरसाणाच्या पाकिटावर आयएनएस ३१९ दिसलं तर ते टीबीएचक्यू, एक फिनॉलच, आपल्याकडे तेलात किलोला २०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, आणि शेजारी आयएनएस ३३० म्हणजे सायट्रिक ऍसिड. दोघं मिळून तेल जास्त टिकतं. पण सायट्रिक तिथे ऍसिड म्हणून कामाला नाहीये, ते तेलात आलेल्या लोखंड-तांब्याच्या कणांना धरून ठेवतं, कारण तेच धातू पेरॉक्साईड फोडून नवीन रॅडिकल तयार करत असतात. म्हणजे फिनॉल जोरात धावत नाही, त्याच्यामागचं काम कमी होतं. माझ्या टेबलावर रोज पेरॉक्साईड व्हॅल्यू, म्हणजे तेलाच्या खवटपणाचा आकडा काढताना हा फरक दिसतो, आणि ती काढायची पद्धत पण आयोडीनचीच, स्टार्च घालून निळं करायचं आणि थायोसल्फेटने तो रंग घालवायचा, म्हणून तर त्या बेटाडीनच्या व्हिडिओने माझं डोकं जास्तच फिरलं.

लिंबू वाईट आहे असं कोण म्हणतंय? पोह्यांवर, मटकीच्या उसळीवर पिळा, त्यातल्या व्हिटॅमिन सीने धान्या-भाजीतलं लोह नीट अंगी लागतं.

आत्याचा यावर एकच रिप्लाय आला, ‘मग लिंबाऐवजी खायचा सोडा घालू का हळदीत? तू म्हणतेस अल्कलाईनमध्ये फास्ट होतं.’ प्रश्न एकदम रास्त आहे आणि मला आधी सुचायला हवा होता. नको घालूस. लॅबमध्ये करक्युमिन पीएच ७.२ ला, ३७ डिग्रीला ठेवलं होतं तर अर्ध्या तासात जवळजवळ ९० टक्के मोडून गेलं, १९९७ चं काम आहे ते, आणि सोड्याचं पाणी तर त्याहून अल्कलाईन. रात्री मी दोन ग्लास ओट्यावर ठेवले, एकात हळद-लिंबू, एकात हळद-सोडा. सोड्याचं पाणी लगेच तांबूस झालं, छान दिसत होतं, लिंबाच्या ग्लासात हळद गाळासारखी तळाला बसली आणि वरचं पाणी जेमतेम पिवळट, कारण आंबट पाण्यात करक्युमिन विरघळतच नाही फारसं. सकाळी सोड्याच्या ग्लासातला तांबूसपणा उतरून वर मळकट पिवळं पाणी उरलं होतं, आणि लिंबाच्या ग्लासात तळाला हळद जशीच्या तशी, पिवळीधमक, न वापरलेली.